स्टेफाने बोट उचलणं सोडलं

कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या खडीच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की रामराम म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. ओळख असो-नसो, भांडण असलं तरी. त्यामुळे स्टेफा हनातिउकने बोट उचलणं सोडलं, तेव्हा गावाने निकाल देऊन टाकला: निवृत्त झाली नि बाईला शिंगं फुटली!

शिंगं कसली? तिची झोप उडाली होती. शाळेची बस चालवण्यात उभा जन्म गेला, आणि जूनमध्ये किल्ली परत दिल्यापासून तिचं कशातच चित्त नव्हतं. बटाट्याचं सारण भरलेली पिरोही उकळत ठेवून विसरली, भांडं जाळलं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी आईने तिलाच विचारलं होतं, "तू कुणाची गं?" त्या भीतीने स्टेफा समोरच्या गाडीत बघायचीच नाही. चेहरा ओळखला नाही तर?

नवऱ्याने, विल्फने, गुडघ्याचं निमित्त करून तिला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरचं काम बघणारी नर्स कोरीन लहानपणी तिच्याच बसने शाळेत जायची.

"गुडघा राहू दे," कोरीन म्हणाली. "परवा समोरून गेलात, बोट नाही उचललंत. मी काय घोडं मारलंय तुमचं?"

स्टेफाला रडूच फुटलं. आईच्या आजारासकट सगळं सांगून टाकलं.

कोरीनने रक्त तपासलं, स्मरणशक्तीची चाचणी घेतली. निकाल ठीक आले, तेव्हा पुन्हा बोलावून विचारलं, "सकाळी शाळेची पिवळी बस दिसली की काय करता?"

"न्हाणीघरात जाते. नळ सोडून रडते."

"माझ्या वेळी बसमध्ये कोण कोण होतं?"

"आधी क्लासनची जुळी. मग ड्वेन, एकच मोजा घालून. मग तू, उलटीची पिशवी घेऊन!"

कोरीन खो-खो हसली. "हा आईचा आजार दिसत नाही, स्टेफा. एवढा मोठा बदल मनाला झेपला नाही, म्हणून झोप गेली, लक्ष उडालं. हे ओळखता येतं, बरंही होतं. मंगळवारी समुपदेशक येते, तिच्याशी बोला. मी लक्ष ठेवतेच."

"म्हणजे मी वेडी नाही?"

"हट्टी आहात. त्यावर औषध नाही."

घरी जाताना गाडी तिनेच चालवायला घेतली. समोर धुरळा उठला. या वेळी तिने मान वर करून नीट पाहिलं.

"आर्ची पेनर!" ती ओरडली. "टोपी नवी घेतलीय मेल्याने!"

आणि बोट कसलं, तिने अख्खा हात हलवला. आर्ची दचकून खड्ड्यात जाता जाता वाचला.

संध्याकाळी कॉफीवर गावाला नवा घोर लागला: स्टेफाला झालंय तरी काय?