डेबरीची गिटार

आमच्या ऊर्जानगरात कुठलीही वस्तू चांगली नसते, फक्त ती अजून कुणी उघडलेली नसते. माझा नवरा वीज केंद्रात मेंटेनन्सला, आणि त्याचे मित्रही त्याच खात्यातले. शेजाऱ्याचा मिक्सर असो की विहाराचा माइक, दिसला की यांचे हात शिवशिवतात. केंद्रात मात्र हीच माणसं एकदम सभ्य. परमिट असल्याशिवाय बोल्टाला पाना लावणार नाहीत. ज्या पंपावर काम सुरू आहे त्यावर लाल टॅग लटकतो : "काम चालू आहे, हात लावू नका." ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. मोठ्या साहेबाचीही त्याला हात लावायची हिंमत होत नाही. बायकोच्या वस्तूंना मात्र कुणी टॅग लावत नाही.

मी डेबरी, म्हणजे डावखुरी. आमच्याकडे हा शब्द शिवी दिल्यासारखाच म्हणतात. लहानपणी जेवायला बसलं की माय माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कमरेशी बांधायची. पोरगी सासरी नांदणार नाही, अशी तिला धास्ती होती. नांदले, बाप्पा. डी.एड.ला असताना भीमगीतांच्या पार्टीत गिटार शिकायला गेले, तर तिथंही "सीध्या हातानं धर" हेच ऐकलं. उजवा हात काही केल्या तालावर येईना. शेवटी मला कोरसमध्ये मागं उभं केलं, आणि पुढची सगळी वर्षं मी तिथंच उभी राहिले.

मी भामरागडच्या आश्रमशाळेत शिकवते, त्यामुळे आमचा संसार सुट्ट्यांवर चालतो. मागच्या उन्हाळ्यात माहेरी कुरखेड्याला गेले होते. तिथं झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवणारे एक गृहस्थ आहेत. बोटं आखडली म्हणून त्यांनी जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली होती. तेही डेबरेच निघाले. गिटार गळ्यात घातली आणि माझे दोन्ही हात न शिकवता आपापल्या जागी गेले. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं रडावं एवढं त्यात काही नव्हतं, तरी मी रडले. घरी आणली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात एक गाणं मी स्वतः वाजवणार, असं समितीला सांगूनही टाकलं. या वेळी कोरस नाही.

रविवारी नवऱ्याचे मित्र गिटारची ओळख पटवायला जमले. पोहे मी केले होते. गिटारवर कंपनीचं नाव नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच बोलायला मोकळीक होती.

"जपानी हाय. स्क्रू पाहा ना," एकानं निकाल दिला.

दुसऱ्यानं ती धान्याच्या कट्ट्यासारखी उचलून पाहिली. "रशियन. जपानी एवढं वजन देत नाई."

"नाव घासून काढलं हाय. चोरीचा माल असंन," तिसरा म्हणाला आणि पोहे अजून मागितले.

कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिथून पुण्याच्या कुणा मेहुण्यानं ती अमेरिकन असल्याचं कळवलं. मग माझ्या नवऱ्यानं मागचे स्क्रू काढून दांडी धडापासून वेगळी केली. आत रंग लागलेला नव्हता, कोरं लाकूड होतं. त्यानं वास घेतला. साग. कडेला पुट्टी भरून बुजवलेली एक खाच होती. नखानं उकरली तर आत बिजागरीचं माप बरोबर बसत होतं. दांडी कुठल्यातरी कारखान्यातली, पण धड मात्र कुरखेड्याच्या सुतारानं जुन्या दरवाजातून कापलेलं.

"जपानात सागाचे दरवाजे असतात का वो?" मी विचारलं. नवऱ्याचं तोंड उतरलं. "डुप्लिकेट हाय," तो म्हणाला. मला तर ती आता जास्तच आवडायला लागली.

"पण वहिनी, हे तं उलटी हाय," तिसऱ्याच्या लक्षात आलं.

"माह्यासाठी सीधीच हाय."

सगळे हसले आणि गप्प बसले. मेंटेनन्सचा माणूस हसून गप्प बसला म्हणजे त्यानं मनात काम काढलेलं असतं. इतकी वर्षं संसार करूनही हे माझ्या लक्षात आलं नाही.

सुट्टी संपली तशी मी गिटार घरी ठेवून भामरागडला गेले. तिथल्या दमट हवेत ती फुगली असती. पुढं नदी चढली, पूल पाण्याखाली गेला आणि फोनही बंद पडला. मी शाळेच्या लांब फुटपट्टीवर खडूनं तारा काढून बोटं बसवायची. पोरींना वाटलं, बाईला बाहेरचं लागलं काहीतरी.

दसऱ्याच्या तोंडावर घरी आले, तर गिटार टेबलावर चादरीखाली झाकलेली. नवऱ्यानं उद्घाटन केल्यासारखी चादर ओढली. अख्खं ओव्हरहॉल! पंपांना देतात तोच निळा रंग दिलेला. पट्ट्याची खुंटी दुसऱ्या बाजूला नेऊन जुनं भोक बुजवलेलं. तारा बसतात त्या पट्टीच्या खाचा एपॉक्सीनं भरून, उलट क्रमानं नव्या कापलेल्या.

"मोटार उलटी फिरली की आम्ही दोन फेज बदलतो," तो आनंदानं सांगत होता. "इथी साऱ्या ताराच बदलल्या. आता ओरिजिनल झाली."

"ओरिजिनल? मंग बिजागरी काऊन नाई लावली?"

"असं काऊन बोलतं? तुह्यासाठीच तं करून राह्यलो होतो. सीध्या हातानं वाजव ना, जमते."

मला संताप आला. आणि संतापाखाली लाज वाटली, तीच जुनी, कमरेशी चिंधी बांधल्याची. माणूस वाईट नाही. मायही वाईट नव्हती. माझ्या आयुष्यात मला सरळ करणाऱ्यांत वाईट माणूस एकही निघाला नाही, हेच तर दुखणं आहे.

मी त्याचीच टूलकिट काढून टेबलावर मांडली. एपॉक्सी खरवडली, कानशीनं खाचा पुन्हा माझ्या बाजूनं कापल्या, खुंटी परत आणली. खबर लागताच नवऱ्याचे तिघंही मित्र सल्ला द्यायला हजर.

"वहिनी, कानस आडवी धरा."

"परमिट हाय तुमच्याकडे?" मी विचारलं. हात मागं गेले. नवऱ्याला म्हटलं, एक लाल टॅग आणून द्या. त्यानं आणला आणि मी तो दांडीला बांधला. त्यानंतर गिटारवरची धूळसुद्धा कुणी पुसली नाही. नियमाची माणसं आहेत शेवटी.

विहारात मी वाजवलं. जाड तार थोडी खरखरली, एका ठिकाणी बोट घसरलं, तरी गाणं शेवटपर्यंत नेलं. कोरस मागं उभा होता आणि मी पुढं. कुरखेड्याहून आलेली माय पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. भोजनदानाच्या पंगतीत ती माझ्याजवळ येऊन बसली.

"चांगलं वाजोलं," ती म्हणाली. "सीध्या हातानं वाजोलं असतं तं अजून शोभलं असतं."

मी उठले. दांडीचा टॅग सोडून आणला, माझ्याच डाव्या मनगटाला बांधला, आणि सगळ्या पंगतीसमोर डाव्या हातानं भात कालवला. माय म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेली. ती वाकली आणि अक्षराला अक्षर जोडत "हात लावू नका"पर्यंत सगळा टॅग वाचून काढला. मग माझ्या उजवीकडची वरणाची वाटी उचलून तिनं डावीकडं ठेवली.