मामंजी पाणी पीत नव्हते

मामंजी गोठ्यात शेणावरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांचं वय किती ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यात हाडात पोलादी खिळा घातला. इतक्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन करतात, याचंच गावाला नवल. घरी पाठवताना डॉक्टर आमच्या मालकांना म्हणाले, "नुसते पडून राहिले तर हाड जुळेल, पण माणूस हातचा जाईल. रोज बसवा, धरून उभं करा, भरपूर पाणी पाजा."

मालक पिंपरीच्या कंपनीत. पहाटे सायकलवर निघायचे ते संध्याकाळी यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. दिवसभर घरात मी आणि मामंजी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. ते दारात खाकरायचे, मी पदर ओढून आत सरायची. काही सांगायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं, "भाकरी वाढलीय." आता त्या माणसाला कमरेला धरून उभं करायचं, लघवीला भांडं द्यायचं, ते उचलून न्यायचं.

मी जवळ गेले की ते तोंड फिरवायचे. "ऱ्हाऊ दे. त्यो आल्यावर बघू." मीही लगेच मागं फिरायची. उशाशी ठेवलेला तांब्या दुपारी तसाच भरलेला असायचा. पाणी प्यालं की भांडं मागावं लागणार, म्हणून ते पीत नव्हते. मला ते कळत होतं. कळूनही, भांडं उचलावं लागत नाही याचं बरं वाटत होतं. हे लिहिताना जवळ कुणी नाही, तरी मान वर होत नाही.

मग त्यांना ताप भरला. जीभ कोरडी पडली, भलतंच बोलायला लागले. चिंचवडहून डॉक्टर आले. त्यांनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "ह्यांना पाणी कोण देतं?" मी दाराआड होते. मालकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सुया देऊन ताप उतरला. बातमी ऐकून चाकणकडून आत्याबाई आल्या, मामंजींची धाकटी बहीण.

"दादा, खिळा ठोकून आणला तो काय खाटंवर गंजवायला?"

"मग सुनंच्या खांद्यावर हात टाकून चालू व्हय?"

"माझ्या टाक की. मीबी पडंन. दोघं निजू शेजारी शेजारी."

मला पदराआड हसू आलं. आत्याबाईंनी मामंजींचं उपरणं दुमडून त्यांच्या कमरेभोवती पट्ट्यासारखं गुंडाळलं आणि मागून दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. "घे. हात लावू नगं, टोकं सोडू नगं."

"आता औताला जुंपा मला," मामंजी म्हणाले.

"जुंपू. आदी उभा तर ऱ्हा!"

दुसऱ्या दिवशी आत्याबाई गेल्या. दुपारी मीच उपरणं बांधलं. पुढं काठी धरून मामंजी, मागं टोकं धरून मी, असे दारापर्यंत आलो. पाण्याला निघालेल्या शेजारणी थांबल्या.

"अगं बया, सासऱ्याला दावं लावलं का काय!"

माझे कान तापले. टोकं टाकून आत पळावंसं वाटलं. तेवढ्यात मामंजींचं धोतर ओलं झालं. पायावरून ओघळ जमिनीवर आला.

"पोरी, तिकडं तोंड कर," ते म्हणाले.

"तोंड फिरवलं तर तुमी पडाल, मामंजी."

त्यांच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून पायानंच दार लोटलं.

त्यांना खाटेवर बसवलं. धोतर बदललं, जमीन पुसली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पाणी हाय का?"

मी दिलं. ते घटाघट प्याले. मग आता थोड्या वेळानं काय करावं लागणार ते दोघांनाही ठाऊक, म्हणून आम्ही मान खाली घालून नुसते बसून राहिलो.