अकरा जणांचा कोपरा

आर्डिस टॉर्गरसन चिडली की भांडी घासते. घासलेली पुन्हा घासते. त्या जानेवारीत तिच्या घरातलं एकेक पातेलं आरशासारखं लखलखत होतं, कारण नॉर्थ ऑर्डेलमधला जो तो तिला एकच वाक्य ऐकवत होता : "मला सेनेटरबाईच आवडतात गं, पण त्या निवडून येणार नाहीत."

"कोण निवडून देणार नाही त्यांना?" आर्डिस विचारायची.

"लोक."

"कुठले लोक?"

मग बाहेर किती बर्फ पडलाय याकडे बोलणं वळायचं.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सव्वीस वर्षं काढली. मध्येच पाच वर्षं नोकरी सोडून घरी बसली, कारण आई अंथरुणाला खिळली होती. उचलायचं, पुसायचं, भरवायचं, सगळं एकटीने. पुढे सरकारी पेन्शनचा कागद आला. त्यात वर्षावार कमाई असते. त्या पाच वर्षांपुढे पाच शून्यं, आणि पेन्शन त्या मानाने कमी.

"पाच वर्षं मी झोपा काढत होते असं लिहिलंय," तिने तो कागद मला दाखवला होता.

म्हणून सेनेटर ऑल्डन. मोठ्या पगारवाल्यांचा पेन्शनचा कर पगाराच्या एका आकड्यापर्यंत कापला जातो आणि तिथे थांबतो. ऑल्डनबाई म्हणत होत्या, थांबवायचा नाही, सगळ्या पगारावर घ्यायचा आणि त्यातून घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्यांची वर्षं भरून द्यायची. गव्हर्नर पर्नेल म्हणत होते, सगळ्यांचाच कर थोडा थोडा कमी करू. आर्डिस दर फेब्रुवारीत लायब्ररीत बसून निम्म्या गावाचे कराचे फॉर्म फुकट भरून देते. दोन्ही योजना तिने पेन्सिल घेऊन तपासल्या होत्या. "पर्नेलचे आठवड्याला सहा डॉलर पडतात माझ्या वाट्याला," ती म्हणायची. "सहा डॉलरात माझी पाच वर्षं विकत घेतोय तो."

कॉकसच्या संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये आम्ही शहात्तर जण जमलो. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार आमच्याकडे या कॉकसच्या सभेत असा निवडतात : ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि सही केलेलं कार्ड तिथल्या प्रमुखाकडे द्यायचं. गुपित काही नाही, शेजारी बघतोय, डेंटिस्ट बघतोय. ज्या कोपऱ्यात शेकडा पंधरा माणसं नाहीत त्याने दुसऱ्या फेरीत ती जमवायची, नाहीतर कोपरा मोडतो आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. शहात्तरात बारा लागत होती. आमच्या कोपऱ्यात, बास्केटबॉलच्या जाळीखाली, आम्ही अकरा होतो.

बारावा होता लायल. आर्डिसचा नवरा. तो समोर पर्नेलच्या टेबलाशी बसून लिंबाची वडी खात होता.

"लायल," आर्डिसने हाक मारली, "इकडे ये."

"आलोच. एवढी कॉफी संपवतो."

पर्नेलच्या कोपऱ्याची प्रमुख बेव्ह हॉगन. आमची शेजारीण, सगळ्या गावाला गोड वड्या करून खिलवणारी. ती लायलला आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होती, आणि मध्येच उठून जाणं लायलला सात जन्मांत जमलं नसतं. तेवढ्यात सभेची अध्यक्ष केल्सी माइकवरून ओरडली, "पहिली मोजणी झाली." पर्नेल पंचेचाळीस. आणखी एका उमेदवाराचे सोळा. ऑल्डन अकरा. उरलेले चार आणखी कुणाचे तरी.

लायल हात पुसत आला. "चला, आता दुसरी फेरी. आलो मी."

"कार्ड?" आर्डिस म्हणाली.

"दिलं की बेव्हकडे. सही करून. तिने पेन पुढे केलं, नाही कसं म्हणणार? मागच्या वेळी दुसऱ्या फेरीत कोपरा बदलता येत होता."

केल्सी लहानपणी आर्डिसच्या हातचं जेवलेली. तिचा चेहरा उतरला. "मिसेस टॉर्गरसन, या वेळी नियम बदललाय. ज्यांचा कोपरा टिकला त्यांना हलता येत नाही. मी सुरुवातीला वाचून दाखवलं होतं."

"तेव्हा बेव्ह गुडघ्याचं सांगत होती," लायल म्हणाला.

आर्डिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. तेव्हाही चढला नाही. मला वाटतं, चढला असता तर लायलला सोपं गेलं असतं.

"माझी आई वर खोलीत होती," ती म्हणाली, "तेव्हाही तू खाली पाहुण्यांशी गप्पा मारत बसायचास. उठून येणं वाईट दिसतं म्हणून. जा. तिकडे जाऊन बस."

तो गेला.

आता त्या उरलेल्या चौघांतला कुणीतरी एक हवा होता. तिघे कोट चढवून घरी गेले. राहिला डेलमर रुड, ट्रक चालवायचा, आता निवृत्त.

"डेलमर, आमच्यात ये."

"तुझ्या बाईंचा कर माझ्यावर पडेल आर्डिस."

"नाही पडणार."

"टीव्हीवर सांगतात, मध्यमवर्गाला भुर्दंड."

"डेलमर, तुझा फॉर्म कोण भरतं?"

"तू."

"मग मला माहीत आहे की नाही? तू हो म्हण, आत्ता इथे आकडा सांगते. तुझ्या कमाईच्या किती पट कमावणाऱ्यावर हा कर आहे ते ऐकू दे सगळ्यांना."

डेलमर कानापर्यंत लाल झाला. आमच्याकडे माणूस आपली मूळव्याध सांगेल, कमाई सांगणार नाही. "सगळ्यांदेखत?" तो म्हणाला. "असं नको बोलूस." आणि वर, जाता जाता, "शिवाय त्या निवडून येणार नाहीत," म्हणून पर्नेलच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

आमचा कोपरा मोडला. आम्हा दहांपैकी काही इकडे गेले, काही तिकडे, मी भिंतीला टेकून राहिले. आर्डिस जाळीखालून हलली नाही. बेव्ह वड्यांचा डबा घेऊन आली. "ये गं आमच्यात. मनातून मीही ऑल्डनचीच आहे, खरं सांगते. पण या वेळी जिंकायला हवं ना."

"तू किती जणांच्या मनातलं ओळखून सही केलीस बेव्ह? स्वतःचं सोडून?"

बेव्हने डबा मिटला.

मोजणी लिहून झाल्यावर कॉकसमध्ये एक शेवटचं काम असतं. पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी कुणीही ठराव मांडू शकतं. तोवर लोक टोप्या चढवतात, ऐकत कुणी नाही. आर्डिस माइकपाशी गेली. कागद नव्हता.

"ठराव," ती म्हणाली. "घरच्या आजारी माणसाचं करण्यात गेलेली वर्षं पेन्शनमध्ये धरावीत. मोठ्या पगारावरचा कर मध्येच थांबवू नये, त्यातून पैसा उभा करावा. माझ्या आईला एक्याऐंशी किलोची असताना उचलत होते आणि चाळीस किलोची असतानाही. सरकारी कागदावर तिथे शून्य आहे. झालं."

जिममध्ये टोप्या काढल्या गेल्या. केल्सीने विचारलं, "बाजूने कोण?"

हात वर झाले. बेव्हचा झाला. डेलमरचा झाला. पर्नेलच्या सगळ्या कोपऱ्याचे झाले. विरोधात एकही नाही.

"एकमताने मंजूर," केल्सी म्हणाली, आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

"टाळ्या नकोत," आर्डिस माइकवरच म्हणाली. "हे सगळ्यांना हवं होतं. मघाशीही हवं होतं. मग हे करू म्हणणारी बाई निवडून येणार नाही असं वर्षभर मला सांगत होते ते लोक कुठे आहेत? दाखवा मला एक तरी."

मागच्या खुर्च्यांत लायल अजून हात वर धरून उभा होता, तिला नीट दिसावा म्हणून चवड्यांवर.

"हात खाली कर, लायल," ती म्हणाली आणि कोट घ्यायला गेली.