बोटीतलं नवं बेअरिंग

त्या बोटीचं प्रकरण आठवलं की आजही तोंड कडू होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या गुन्ह्यात कुणी कुणावर हातसुद्धा उचलला नव्हता, तोच मला जास्त छळतो.

मी तेव्हा पुण्यात नदीकाठच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एका व्यावसायिकानं पर्यटकांसाठी मोटारबोट सुरू केली होती. मुंबईहून आणलेली जुनी बोट, नवा होता तो फक्त रंग. एका रविवारी दुपारी फेरीवरून परतताना ती बंधाऱ्याच्या अलीकडे बंद पडली. वरून धरणाचं पाणी सोडलेलं. प्रवाहानं बोट आडवी केली आणि बंधाऱ्यावरून खाली टाकली. एक वयस्कर प्रवासी बाई गेल्या आणि बोटीचा चालक गेला. चालक काठावरच्याच गावचा, पट्टीचा पोहणारा. लाइफ जॅकेट कमी होती, म्हणून त्यानं स्वतःचं काढून एका प्रवाशाला दिलं होतं. तो प्रवासी वाचला.

बोटमालक ठाण्यात आला तो चेहरा पाडून.

"साहेब, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण त्याला पाहुण्यांसमोर शायनिंग मारायची सवय होती. मुद्दाम बंधाऱ्याजवळ नेली. इंजिन ठणठणीत आहे. बेअरिंग मागच्याच महिन्यात बदललंय. आपण उघडून बघा."

न विचारता 'उघडून बघा' म्हणणारा माणूस मला नेहमी खटकत आला आहे. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे. बोट बाहेर काढून त्याच्याच शेडमध्ये ठेवली होती. दाराला आमचं सील होतं. तज्ज्ञाची वाट पाहत होतो.

तिसऱ्याचे विधी उरकून चालकाची बायको ठाण्यात आली. महिला शिपायानं पाणी दिलं, ते तिनं तसंच बाजूला ठेवलं.

"सायेब, माझ्या दिराला इचारा."

"काय विचारू?"

"मयताला समदा गाव जमला व्हता. सख्खा भाऊ तेवढा न्हवता. लई येळ वाट बघितली त्याची. आला तवा हाताला काळं ग्रीस व्हतं. त्याच हातानं भावाच्या तोंडात पानी घातलं."

नवरा बरेच दिवस मालकाला सांगत होता म्हणे, की बोटीच्या मागच्या भागातून गुरगुरल्यासारखा आवाज येतोय, बेअरिंग बदला. मालक म्हणायचा, सीझन संपू दे. जाताना ती दारात थांबली. "माझं नाव सांगू नगा. एकाच घरात ऱ्हातो आमी."

दिराचं बिबवेवाडीत छोटं गॅरेज होतं. पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, या बोटीचं कामही तोच पाहायचा. त्याला लगेच बोलावलं नाही. आधी शेड नीट पाहिली. पुढच्या दाराचं सील शाबूत होतं. मागचं दार मात्र मालकाच्याच उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात उघडत होतं.

मुंबईहून बोटींच्या कामातला तज्ज्ञ आला. पंचांसमोर त्यानं बोट उघडली. या प्रकारच्या बोटीत इंजिन आत असतं आणि पंख्याचा भाग मागे, पाण्यात. दोघांना जोडणारा दांडा एका बेअरिंगमधून जातो. ते जाम झालं तर पंखा थांबतो आणि बोट प्रवाहाच्या स्वाधीन होते. बेअरिंग खरंच नवं निघालं. मालकाचा चेहरा उजळला.

मग तज्ज्ञानं दांडा बाजूला ठेवून एक सरळ पोलादी बार घेतला, टोकाला ग्रीस लावलं आणि बेअरिंगमधून इंजिनाकडे सरकवला. बार आत जाईना.

"बेअरिंग बदललं की इंजिन त्याच्या रेषेत आहे का, हे असं तपासावंच लागतं. बार नुसत्या हातानं सरकला पाहिजे," तो म्हणाला. "इथं तपासलेलं नाही. दांडा हातोडीनं ठोकून बसवलाय, हे बघा ताजे घाव. अशी बोट चालवली असती तर हे बेअरिंग इतकं कोरं राहिलं नसतं. हे बसवल्यावर इंजिन सुरूच झालेलं नाही."

दिराला बोलावलं. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. बेअरिंग आपण महिन्यापूर्वी बदललं, एवढंच तो घोकून आल्यासारखा सांगत राहिला. मी हुज्जत घातली नाही. कारागिराला गुन्ह्याबद्दल विचारलं की तो सावध होतो, त्याच्या कामाला नाव ठेवलं की सावधपणा विसरतो.

"इतकी वर्षं गॅरेज चालवतोस आणि अलाइनमेंट न तपासता दांडा ठोकलास? शिकाऊ पोरगंही असलं काम करणार नाही."

तो उसळलाच. "साहेब, इंजिन उचलून सरळ करायला दोन माणसं लागतात! आणि वेळ कुठं होता? तिकडं सगळे थांबले होते."

"कोण थांबले होते?"

त्यानं कप खाली ठेवला.

"घरचे," तो म्हणाला. "दादाला न्यायचं होतं."

त्यानंतर फार विचारावं लागलं नाही. मालकानं त्याला रुग्णालयाच्या आवारातच गाठलं होतं. खराब बेअरिंग सापडलं तर दुरुस्ती करणारा तूही आत जाशील, असा दम देऊन मागच्या दारानं शेडमध्ये नेलं आणि बेअरिंग बदलून घेतलं. "म्हणाला, गेलेला गेला. मागं राहिलेल्यांचं बघायला नको का?" हे सांगताना तो माझ्याकडे न बघता रडत होता. जुनं बेअरिंग त्यानंच गॅरेजच्या भंगारातून काढून दिलं. गंजलेलं, फुटलेलं. पंचनामा झाला, मालकाला अटक झाली. ठाण्यात सगळे खूश होते. मीही होतो.

खटला उभा राहीपर्यंत काही वर्षं गेली. बेअरिंग बदलताना दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून सरकारी वकिलांच्या सल्ल्यानं दिराला साक्षीदार केलं होतं. तोपर्यंत तो मालकाच्या नव्या रिसॉर्टवर देखभालीचं काम पाहू लागला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात सरळ फिरला. पोलिसांनी दमदाटीनं लिहून घेतलं, म्हणाला. भंगारातलं बेअरिंग कुठल्याही यंत्राचं असू शकतं, म्हणाला. बचावाच्या वकिलांनी इंजिनाचा तिरकेपणा बोट आपटल्यामुळे आल्याचं सांगितलं. चालकाच्या बायकोनं जे पाहिलं ते न घाबरता सांगितलं, तर तो घराच्या वाटणीचा राग ठरला. मालक संशयाचा फायदा घेऊन सुटला. अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं एक वाक्य निकालात आलं. ते खोडायला आता तो माणूस नव्हता.

साक्षीदार सत्य बोलला की पोलिसाला आपलं काम संपलं असं वाटतं. या प्रकरणानं माझा तो समज कायमचा मोडला. आमच्यासमोर बोललेला माणूस परत त्याच घरात, त्याच गावात, त्याच मालकाच्या सावलीत जातो. तिथं त्याच्यासोबत आम्ही नसतो, मालक असतो.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या फाटकाशी उभा होतो. ती बाई एकटीच बाहेर आली. मी म्हणालो, "ताई, जीपनं सोडायला सांगतो."

"नगं सायेब. पोलिसाच्या गाडीतनं उतरले तर गावात आनखी बोलत्याल."

रस्त्यापलीकडे दीर स्कूटर सुरू करून उभा होता. तिच्याकडे बघत नव्हता. ती रस्ता ओलांडून गेली, पदर खोचला आणि त्याच्या मागे बसली.