मीठ चोळलेला उंदीर

रोह्याहून नदीच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, एका साहेबांच्या घरामागची खोली मला फुकट मिळाली होती. साहेब एका कंपनीत अधिकारी होते. खोलीच्या बदल्यात त्यांच्या अजगराला दर दहा दिवसांनी खायला घालायचं. अजगर परदेशी, रीतसर कागदपत्रं असलेला, काचेच्या पेटीत. पेणजवळच्या आमच्या गावात दिवेलागणीनंतर सापाचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. पण घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. खोली गेली तर रोज गावाहून रोह्याला येणं मला झेपलं नसतं. म्हणून हो म्हटलं.

साहेबांनी दोनदा करून दाखवलं. फ्रीझरच्या डब्यात पांढरे उंदीर असत, दगडासारखे गोठलेले. आदल्या दिवशी एक पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. मग पिशवीसकट कोमट पाण्यात. पोट दाबून आत बर्फ राहिला नाही ना ते बघायचं, पुसून कोरडा करायचा आणि लांब चिमट्यात धरून पेटीत न्यायचा. मग साहेब महिनाभरासाठी मुलीकडे गेले.

पहिल्याच वेळी उंदराला वास आला. मला वाटलं, खराब झाला. घरी मासळीला वास आला की आई मीठ-हळद चोळून धुते. माझा हात आपसूक मिठाच्या बरणीकडे गेला. मीठ चोळून, धुऊन उंदीर पेटीत धरला. अजगर पुढे आला, जीभ दोनदा लवलवली आणि तो मागे सरकला. तासभर वाट बघून मी तो उंदीर पुरला.

साहेबांनी फोनवर विचारलं तेव्हा मी ‘खाल्लं’ म्हणून सांगितलं. तोंडातून निघून गेलं. दहा दिवसांनी दुसरा उंदीर, या वेळी मीठ जरा जास्तच. पुन्हा तेच, आणि फोनवर पुन्हा तेच खोटं. कॉलेजातून मधल्या सुट्टीत मी पुलावरून धावत येई आणि त्याचं अंग हलतंय का ते काचेला नाक लावून बघे. आधी मला सापाची भीती होती. आता तो मरेल याची होती, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

शेवटी आईला फोन करून सगळं सांगितलं.

“मीठ चोळलंस?” आई म्हणाली. “कॉलेजात ह्येच शिकवतात काय रं? वास जावा म्हणून आपण मीठ लावतो. वासच नाय राहिला तर त्याला कळंल कसं, खायाचं हाय ते?” मग म्हणाली, “आनि सायबाला खोटं बोललास, ते आधी त्यांना सांग.”

मी आधी उंदीरच काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नुसता पुसून, वासासकट पेटीत धरला. चिमट्याला असा हिसका बसला की तो हातातून सुटला आणि मी भिंतीला जाऊन टेकलो. उंदीर शेपटीपर्यंत आत जाईस्तोवर मी जागचा हललो नाही.

मग साहेबांना फोन लावला. दोन्ही उंदरांचं खरं काय ते सांगितलं.

“साप महिनाभर उपाशी राहू शकतो,” ते म्हणाले. “त्याचं काही नाही. पण तू दोन्ही वेळा ‘खाल्लं’ कसं म्हणालास?”

आल्यावर बोलू, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते यायला अजून आठ दिवस होते. त्या दिवसांत मी पेटीतलं पाणी रोज बदललं. माझं सामान दोनदा बांधलं आणि दोनदा सोडलं.