डॉक्टर देशकरांचा प्रश्न चुकतो

डॉक्टर श्यामकांत देशकरांचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याने त्यातून एवढंच उचललं की आता डॉक्टर इम्युनिटीचा काढा सांगणार. काही लेकरांच्या अंगात जन्मतःच रोगाशी लढायची ताकद नसते. समता कॉलोनीतल्या आपल्या दवाखान्यात बसून डॉक्टरांनी अशा लेकरांवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. आणि लोक विचारत, "भैया, गुळवेल उपाशीपोटी घ्यायची का?" त्यांची बायको विजया म्हणाली, "सांगून टाका ना. निबंध तर कोणी वाचणार नाही, निदान काढा तरी पितील."

त्या निबंधातल्या एका वाक्यावर डॉक्टरांचा भारी जीव होता. यातला एक आजार आईकडून येतो आणि मुलग्यांना धरतो. म्हणून आईच्या माहेरी तान्हे मुलगे दगावले का, हे विचारावं लागतं. रायपूरच्या मराठी घरांत असं फारसं आढळत नाही, असं त्यांनी ठोकून दिलं होतं. मराठी माणसाने मराठीतच विचारलं, मग उत्तर चुकेल कसं? आपण दिवाणखान्यात बसून जगाला शहाणपण शिकवत होतो, असं ते आता स्वतःच हसत सांगतात.

त्याच दिवसांत मंजिरी आपल्या पाच महिन्यांच्या भार्गवला घेऊन आली. बरोबर तिची आई लताबाई. पोराला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला होता, तोंड आतून पांढरं पडलं होतं, वजन हलत नव्हतं. डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी आपला लाडका प्रश्न टाकला, "लताबाई, तुम्ही भावंडं किती? कोणी लहानपणी गेलं का?"

"नाही जी. मी, एक बहीण न् एक भाऊ. सगळे आहेत."

"बस, फिर," मंजिरी म्हणाली.

पाल गप्प झाली. मंजिरीचा नवरा नीलेश शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात, घरही तिकडेच. रायपुरात ज्या खोकल्याला बाप सापडत नाही, त्याला सिलतऱ्याचा धूर दत्तक घेतो. डॉक्टरांनीही तेच केलं. औषध दिलं, खिडक्या बंद ठेवा म्हणाले आणि रक्ताची मोठी तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलली.

रविवारी मराठी मंडळात त्यांचा सत्कार होता. अध्यक्ष अनंतरावांनी शाल पांघरवली, नारळ दिला आणि "आता डॉक्टर काढ्याविषयी दोन शब्द बोलतील" असं जाहीर केलं. डॉक्टरांचं डोकं सणकलं. त्यांनी काढ्याची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि मग तो आईकडून येणारा आजार साध्या मराठीत समजावला: मुलगा जन्मतो धडधाकट, काही महिन्यांत खोकला, तोंड येणं, सुकत जाणं, आणि वर्षाच्या आत संपतो. टाळ्या पडल्या. डॉक्टर स्वतःवर बेहद्द खूश होऊन जेवायला गेले.

पानात श्रीखंड पडलं, तेवढ्यात लताबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, दात न आलेले पोट्टेपण त्यात धरतेत का?"

"म्हणजे?"

"माझ्या आईचे दोन गेले, माझ्या आधी. खोकतखोकतच. पण दात नव्हते आले त्यांले. अग्नी नाही, श्राद्ध नाही. आमच्यात त्यांले मोजत नाहीत जी. तुम्ही भावंडं किती म्हटलं, म्हणून मी तीन सांगितलं. चुकलं का माझं?"

चूक कोणाची होती ते डॉक्टरांना तिथेच कळलं. त्यांच्याही घरात असं लेकरू पुरतच असत, त्यांनाही हे ठाऊक होतं. शिकलेलं सगळं आठवलं, माहीत असलेलं तेवढं विसरले. श्रीखंड तसंच टाकून, अंगावर शाल घेऊन ते धावत सुटले आणि त्याच संध्याकाळी भार्गवचं रक्त तपासणीला गेलं. अहवाल आला तो भीती होती तोच.

पुढचे महिने कठीण गेले. दूरच्या मोठ्या इस्पितळात थोरल्या बहिणीची, पिंकीची, अस्थिमज्जा भार्गवला जुळली. पोरगं वाचलं. आज ते दवाखान्यात येऊन डॉक्टरांचा चष्मा ओढतं आणि डॉक्टर ओढू देतात.

निबंधातलं ते वाक्य चुकीचं होतं, असं डॉक्टरांनी त्याच नियतकालिकात छापून आणलं. ते तर पहिल्या निबंधापेक्षाही कमी लोकांनी वाचलं. आता ते विचारतात, "आईच्या कुशीत किती लेकरं आली? दात न आलेलीही सांगा." बायका बोटांवर मोजायला लागतात.

परवा मंडळात अनंतरावांनी पाहुण्यांशी ओळख करून दिली, "हे देशकरांचे थोरले."

"थोरला नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्या आधी एक भाऊ होता. चार महिन्यांचा गेला."

विजया चमकली. इतक्या वर्षांच्या संसारात हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "नाव काय होतं हो त्याचं?"

डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. आणि ज्यांना विचारावं, असं आता कोणी उरलं नव्हतं.