थोरलीचं ताट

थोरली जाऊ जेवायला बसली की माझं अंग जळायचं. तांदळाच्या दोन भाकऱ्या, वर भात, सुक्या बोंबलाची चटणी, शेवटी वाडीतले पिकलेले चिकू, आणि ढेकर देऊन म्हणायची, "आज काही भूकच नव्हती गं!" साठीची बाई, पण ना साखर, ना रक्तदाब. मी चाळिशीतच गोळ्यांना लागलेली. उधव्याला एका लग्नात हिनं माझ्या पानातली जिलबीसुद्धा उचलली. "तुला चालत नाही ना?" म्हणाली.

एकदा डहाणूच्या डॉक्टरीणबाईंना मी चिडून विचारलंच, "मी एवढं बेतानं खाते, मग मलाच का?" त्यांनी माझं जन्माचं वजन विचारलं. वजन कुणी केलंय! पण आई सांगायची, सुपाच्या कोपऱ्यात मावलीस. पोर मोठं झालं तर बाळंतपण अडतं, म्हणून मी पोटात असताना कणग्या भरलेल्या घरात आजीनं आईला अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "पोटात उपास घडला की शरीर तुटपुंज्यावर भागवायला शिकतं. पुढे भरपूर मिळालं की त्याला झेपत नाही. हेच एक कारण नसतं, पण धोका वाढतो."

थोरलीला सांगितलं, तर ती मासळी साफ करता करता हसली. "माहेरी वरोरला माझी आजीपण तसलीच. पण आई तिच्यासमोर अर्धं जेवायची नि मागल्या दारानं शेजारणीकडे पोटभर!" घ्या! हिची आई चोरटी निघाली आणि माझी आज्ञाधारक.

दोन हजार सतरात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. सासूबाईंनी मला बजावलं, "पोरीला हात राखून वाढ." सगळं ठाऊक असून मी पोरीला अर्धीच भाकरी वाढली. थोरलीनं मात्र आपलं भरलेलं ताट सरळ पोरीपुढे सरकवलं. "आई, तिला जेवू द्या. बोलायचं ते मला बोला." त्या दिवसापासून लेक मला वाढ म्हणेना. "मोठ्याई, भूक लागली," म्हणत तिच्याच मागे. जन्म मी दिला आणि लाड हिच्याकडे!

नात चांगली भरलेल्या अंगाची झाली. पुढल्या वर्षी एका दुपारी थोरली पोटभर जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. मेलीनं मरणसुद्धा भरल्या पोटी मिळवलं. मी रडले, आणि रडतानाही जळले.

आता नात ओसरीवर बसून चिकू खाते, कोपरापर्यंत रस गाळत. आईच्या पोटात असल्यापासून जेवलेली पोर! खोटं कशाला बोलू, तिचाही हेवा वाटतो मला. "आजी, अजून," म्हणून ती हात पुढे करते, आणि मी दुसरा सोलायला घेते.